कुठलं मॅप ॲप टाकू? आधी रस्ता कुठला ते सांगा

मे महिना लागला की आमच्याकडं साताऱ्यात पाहुण्यांचे फोन सुरू होतात. कोण पनवेलवरनं निघालेलं असतं, कोण हडपसरवरनं, आणि प्रश्न एकच, मॅपवर काय टाकू. मागच्या वर्षी मामेबहिणीचं लग्न वाठार किरोलीला होतं आणि पनवेलचे तात्या सहकुटुंब जाऊन पोचले वाठार स्टेशनला. दोन्ही गावं कोरेगाव तालुक्यातलीच. फलटणकडं गेलात तर तिथं वाठार निंबाळकर आहे, कऱ्हाड तालुक्यात आणखी एक वाठार आहे. तात्यांनी नुसतं वाठार टाकलं, पहिलं नाव दिसलं ते दाबलं आणि निघाले. अक्षता चुकल्या. सख्ख्या भाचीच्या अक्षता, तात्या दिवसभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

मांडवात जो तो म्हणत होता की ते ॲप बेकार आहे, दुसरं टाका. पण दुसरं टाकून काही झालं नसतं, कारण चूक ज्या जागी झाली ती जागा सगळ्या ॲपमध्ये सारखीच आहे. तेव्हापासनं मला हे नीट लिहायचं होतं. आपण ज्याला जीपीएस म्हणतो, मॅप म्हणतो, ती एक गोष्ट नाहीये. त्यात तीन वेगवेगळी कामं चालतात. मी आत्ता कुठं आहे हे ओळखणं, हे पहिलं. आजूबाजूला काय काय आहे त्याचा नकाशा, हे दुसरं. आणि इथनं तिथं जायचं तर कुठल्या वाटेनं, हे तिसरं. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर यातलं कुठलं काम फसतंय हे एकदा कळलं की कुठलं ॲप ठेवायचं ते आपोआप ठरतं, कुणाला विचारावं लागत नाही.

पहिल्या कामाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून तिथं जरा थांबतो.

फोन सॅटेलाइटला काहीही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. जमिनीपासनं साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरतायत आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक नंबरचा, मी आत्ता इथं आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. वळवाच्या पावसात वीज चमकली की आपण आकडे मोजतो आणि गडगडाट ऐकू आला की म्हणतो, लांब पडली. तेच गणित आहे. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, त्यावरनं अंतर काढायचं. फक्त इथं आवाजाऐवजी रेडिओलहरी आहेत, त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, त्यामुळं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं तरी अंतरात ३०० मीटरची चूक येते. म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. आणि वर, तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) पुढं पळतं, आइन्स्टाईनच्या सिद्धांताप्रमाणे, तेवढं आधीच धरून त्याचा वेग जुळवलेला असतो. मला ही गोष्ट दर वेळी सांगताना अंगावर काटा येतो, की मेढ्याच्या घाटात गाडी वळवताना आपण आइन्स्टाईनचं गणित वापरतोय.

आता एका उपग्रहापासनं अंतर कळून जागा कळत नाही. मी म्हटलं की अजिंक्यतारा किल्ल्यापासनं तीन किलोमीटरवर आहे, तर मी त्याच्याभोवती काढलेल्या गोलावर कुठंही असू शकतो. यवतेश्वराच्या डोंगरापासनंही तीन किलोमीटर म्हटलं की दोनच जागा उरतात. तिसरं ठिकाण सांगितलं की एक. असे तीन उपग्रह जागेसाठी लागतात आणि चौथा लागतो आपल्या फोनच्या घड्याळाची चूक काढायला, कारण फोनमध्ये काही अणुघड्याळ नसतं. कमीत कमी चार. जास्त दिसले तर चांगलंच.

ह्यातनं एक महत्त्वाची गोष्ट निघते. या सगळ्यात मोबाईलची रेंज कुठंच आली नाही. आपल्याकडं सर्रास म्हणतात रेंज गेली, जीपीएस बंद पडलं. असं नसतं. फोनमधनं सिमकार्ड काढलं तरी आपली जागा दाखवणारा निळा ठिपका चालतो. बामणोलीतनं लाँचनं पलीकडं उतरून वासोटा किल्ल्याची वाट धरली की जंगलात रेंजची आशा सोडा, पण ठिपका बरोबर जागेवर असतो. फक्त तो कोऱ्या करड्या पडद्यावर असतो, कारण नकाशा इंटरनेटवरनं यायचा होता तो आला नाही. म्हणजे पहिलं काम नीट चालू आहे, दुसरं अडलंय.

इंटरनेटची पहिल्या कामात एवढीच मदत होते की सुरुवात लवकर होते. कुठला उपग्रह नक्की कुठं आहे ही माहिती उपग्रह स्वतः पाठवतो पण फार सावकाश, ती पूर्ण यायला अर्धा मिनिट तरी जातं, आणि मध्ये झाड आलं, इमारत आली की परत पहिल्यापासनं. तीच माहिती नेटवरनं पटकन मिळते. म्हणून घरनं निघतानाच, रेंज असताना, ॲप उघडून ठिपका जागेवर आला का बघून घ्यावं. घाटात जाऊन चालू करायचं आणि मग फोनवर वैतागायचं, हे नको.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे आपल्या भारताचं नाविक आलंय ना, मग ते ॲप टाकू का. नाविक हे ॲप नाही. ती इस्रोची उपग्रह यंत्रणा आहे, जसं जीपीएस अमेरिकेचं, ग्लोनास रशियाचं, गॅलिलिओ युरोपचं, बायडू चीनचं. फोनच्या आत जी चिप असते ती यातलं काय काय ऐकू शकते हे फोन घेताना ठरून गेलेलं असतं, ॲप टाकून ते वाढत नाही. आजचे बरेच फोन एकाच वेळी तीनचार यंत्रणा ऐकतात. नवीन फोन घेणार असाल आणि घाटातनं सारखं जाणं असेल तर दुकानात एवढं विचारा की ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस आहे का, म्हणजे उपग्रहांचे एल-वन आणि एल-फाइव्ह हे दोन्ही सिग्नल फोन ऐकतो का. हे २०१८ पासनं फोनमध्ये यायला लागलं. याचा फायदा असा की डोंगराला आपटून येणारा खोटा सिग्नल आणि सरळ येणारा खरा सिग्नल यातला फरक फोनला जास्त चांगला कळतो.

कारण आपली खरी अडचण तीच आहे. पसरणी घाट चढताना एका बाजूला उभा डोंगर असतो, निम्मं आभाळ झाकलेलं, आणि काही लहरी कड्यावर आपटून उशिरा पोचतात. उशिरा पोचल्या की फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि ठिपका दरीत जाऊन बसतो. मोकळ्या माळावर, म्हणजे दहिवडीच्या बाजूला समजा, चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पाच मीटर ऐकायला काहीच नाही, पण हायवे आणि त्याच्या शेजारचा सर्व्हिस रोड यात तरी कितीसं अंतर असतं? म्हणून उंब्रजला, कऱ्हाडला, वाढे फाट्याला ॲप गोंधळतं. तुम्ही वरच्या रस्त्यावर असता आणि ते तुम्हाला खालच्या रस्त्यावर धरून डावीकडं वळा म्हणतं. तिथं उपाय एकच, दोनशे मीटर आधीच पाटी वाचायची.

आणि जमिनीखाली गेलात की विषयच संपला. खंबाटकीच्या बोगद्यात, किंवा आपल्या साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, उपग्रह दिसत नाहीत. मग ठिपका कसा काय पुढं सरकतो? तर ॲप अंदाज बांधतं, मघाशी एवढ्या वेगानं चालला होता म्हणजे आता इथं असेल. बोगदा सरळ असेल तर अंदाज जमतो. पण पोवई नाक्यावर नवीन माणूस वर जायचं की खाली ह्यातच अडकतो, आणि उभा वरखालचा फरक जीपीएसला तसाही नीट कळत नाही. माझा सल्ला, नाक्याच्या अलीकडं फोनकडं बघणं बंद करा, कमानीवरच्या पाट्या बघा.

एवढं झालं पहिलं काम. यात ॲप बदलून जवळपास काहीच फरक पडत नाही, सगळी ॲप त्याच चिपकडनं तीच जागा विचारतात.

फरक पडतो तो नकाशात.

नकाशा कोण करतं हे आपण कधी विचारत नाही. गूगल मॅप्स २००५ साली सुरू झालं, त्यांचा नकाशा उपग्रहाच्या फोटोंवरनं, गाड्या फिरवून, निरनिराळ्या संस्थांकडनं आणि तुमच्या आमच्यासारख्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांवरनं तयार होतो. मॅपल्स म्हणजे मॅपमायइंडिया, ही भारतीय कंपनी १९९५ पासनं आपल्याच देशातले रस्ते मोजत आलीय. आणि तिसरा आहे ओपनस्ट्रीटमॅप, तो कुठल्याच कंपनीचा नाही, २००४ पासनं जगभरची माणसं आपापल्या भागातले रस्ते, ओढे, पायवाटा, मंदिरं त्यात स्वतः भरतायत. ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन ॲप त्या नकाशावर चालतात. ट्रेकला जाणाऱ्या पोरांनी डोंगरातल्या कितीतरी वाटा त्यात भरून ठेवल्यात, त्या मोठ्या कंपन्यांच्या नकाशात बऱ्याचदा नसतात, कारण त्या वाटेनं मोटार जात नाही म्हणून त्यांना गरज पडत नाही.

नकाशाची मोठी अडचण ही की त्यात रेघ असते, रेघेची अवस्था नसते. डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, उसाच्या ट्रॅक्टरनं पडलेली चाकोरी, पडद्यावर कधीकधी सगळं सारखंच दिसतं. दोन वर्षांमागं दिवाळीत आम्ही दहिवडीवरनं औंधला निघालो होतो, यमाईच्या दर्शनाला. परतीचा पाऊस दोनच दिवस आधी होऊन गेलेला. ॲपनं मध्येच डावीकडं घातलं. सहा मिनिटं वाचत होती म्हणे. अर्धा किलोमीटर बरा रस्ता, नंतर ती निघाली पाणंद, दोन्हीकडं ज्वारी, खाली काळं रान. चाक रुतलं ते रुतलंच. वहिनींच्या मांडीवर वर्षाचं बाळ, अंधार पडलेला. एका वस्तीवरचे दादा ट्रॅक्टर घेऊन आले आणि ओढून काढली गाडी, एक पैसा घेतला नाही, वर चहा पाजला. त्यांनीच सांगितलं की ह्या वाटेनं दर पावसाळ्यात कुणीतरी असं येतंच. कुणीतरी कधीतरी ती पाणंद नकाशात रस्ता म्हणून भरली, आणि तेव्हापासनं ती रस्ता आहे.

हे चाक रुतण्यावर निभावलं. दरवेळी निभावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडं निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी मॅप बघत सरळ धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल धरणाच्या पाण्याखाली होता, मॅपमध्ये मात्र तो होताच. एक जण गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरनं गाडी खाली पडली आणि तिघं गेले. आपला जिल्हा तर धरणांचा आहे, कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी. पाणी उतरलं की जुन्या वाटा वर येतात, चढलं की बुडतात, आणि नकाशातली रेघ बाराही महिने तशीच. रात्री जलाशयाच्या कडेनं जाताना पुढं पाणी दिसलं, किंवा रस्त्यावर गवत वाढलेलं दिसलं, चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या नाहीत, तर थांबा, ॲप काहीही म्हणू दे. पावसाळ्यात आंबेनळी घाटाचंही तसंच, दरड पडली की घाट बंद होतो आणि ही बातमी ॲपपर्यंत कधी पोचेल सांगता येत नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरायचं असेल तर निघायच्या आधी तिकडच्या एखाद्या हॉटेलात नाहीतर पोलिसांना फोन करून विचारलेलं बरं.

नावांचा घोळ मगाशी सांगितला. वाठारसारखंच औंध. पुण्याकडचा माणूस औंध टाकतो आणि त्याला पुण्यातलं औंध दिसतं. कोरेगाव टाकलं तर कोरेगाव पार्क, भीमा कोरेगाव, आणि मग आपलं. पाटण टाकलं तर गुजरातचंही पाटण येतं. ॲप काय करतं, तुम्ही जिथं आहात त्याच्या जवळचं किंवा लोक जास्त शोधतात ते वर दाखवतं. त्याला काय ठाऊक तुमच्या भाचीचं लग्न कुठं आहे. गावापुढं तालुका आणि जिल्हा टाकायचा, ही सवय लागलीच पाहिजे.

तिसरं काम, वाट ठरवणं. इथं ॲपच्या डोक्यात सगळे रस्ते म्हणजे गाठी आणि दोऱ्या. प्रत्येक चौक ही गाठ, दोन चौकांमधला रस्ता ही दोरी, आणि प्रत्येक दोरीवर लिहिलेलं असतं की इथनं जायला इतकी मिनिटं लागतात. मग सगळ्यात कमी मिनिटांची साखळी शोधायची. ही पद्धत डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडली, आजची ॲप तिच्याच सुधारलेल्या रूपांवर चालतात. ती बिनचूक आहे. पण दोरीवरची मिनिटंच चुकीची असतील तर उत्तर चुकीचं येणार. आमच्या त्या पाणंदीवर ॲपनं ताशी तीसचाळीसचा वेग धरला असणार, म्हणून ती सहा मिनिटं वाचत होती.

मिनिटं कुठनं येतात? काही रस्त्याच्या प्रकारावरनं, आणि काही तुमच्याच फोनकडनं. हायवेवर शेकडो लोकांच्या फोनमध्ये लोकेशन चालू असतं, ते फोन किती वेगानं सरकतायत हे कंपनीला कळतं, वेग पडला की रस्ता लाल होतो. बर्लिनमध्ये एका कलाकारानं ९९ फोन एका छोट्या हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्यानं सावकाश ओढत नेली आणि मॅपवर तो रस्ता लाल झाला. म्हणजे ॲपला गाड्या दिसत नाहीत, फोन दिसतात.

आता हे आपल्याकडं लावून बघा. आनेवाडीचा टोलनाका, खंबाटकी, शिरवळ, इथं फोनच फोन, म्हणून लाल रंग खरा असतो, त्यावर विश्वास ठेवा. पण केळघर घाटात रेंज नाही, गाड्या तुरळक, तिथं कुणाचा फोन काय सांगणार? रस्ता मोकळा दिसतो आणि प्रत्यक्षात पुढं झाड पडलेलं असू शकतं. माहिती नसणं आणि रस्ता मोकळा असणं पडद्यावर सारखंच दिसतं. हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर दोनदोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागं एक लागलेले असतात, रात्री बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, ते ॲप सांगत नाही. बाजारच्या दिवशी गावातनं जाणारा रस्ता दुपारपर्यंत अडलेला असतो. आणि माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते तेव्हा त्या सगळ्या रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडनं वळवतात, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं त्या दिवशी तिथं गाडी घालायचा प्रश्नच येत नाही. हे वेळापत्रक पेपरात आधी येतं. मॅप त्या दिवशी गर्दी झाल्यावर शिकतं.

मग ॲप कुठलं. माझं मत स्पष्ट आहे, फोनमध्ये दोन ठेवा. एक ऑनलाइन, एक ऑफलाइन, आणि दोघांचे नकाशे वेगवेगळ्या ठिकाणहून आलेले असावेत. हा मुद्दा लोक विसरतात, एकाच नकाशावरची दोन ॲप ठेवून उपयोग नाही, चूकही तीच असणार.

पुणे बेंगळुरू हायवे आणि मोठी शहरं यासाठी गूगल मॅप्स, कारण ट्रॅफिकची माहिती जास्त फोनांवरनं येते. मराठीत आवाज लावता येतो, तो जरूर लावा, घरातल्या मोठ्या माणसांना फार सोपं जातं. दुचाकीवर असाल तर त्यात मोटरसायकलचं चिन्ह निवडा, हा पर्याय त्यांनी २०१७ मध्ये भारतात आणला, कारने गेल्यासारखा वेळ आणि वाट दाखवत नाही. आयफोनवाल्यांना ॲपल मॅप्स आयतंच मिळतं, पण आपल्या तालुक्यांच्या आतल्या भागासाठी मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर निघणार नाही. वेझ हे लोकांनी वाटेत टाकलेल्या सूचनांवर चालतं, २०१३ पासनं तेही गूगलकडंच आहे, जिथं वापरणारे दाट तिथं ते छान, खटाव माणमध्ये टाकणार कोण.

आमचे दाजी टुरिस्ट गाडी चालवतात, महिन्यातली निम्मी रात्र रस्त्यावर. त्यांना मॅपल्स आवडतं. उड्डाणपुलाच्या आधी चौक प्रत्यक्ष कसा दिसतो याचं चित्र येतं, पुढं गतिरोधक आहे, कॅमेरा आहे हे सांगतं. रात्री अनोळखी गावातला गतिरोधक दिसत नाही हे ज्याला माहितीय त्याला याची किंमत कळेल. हायवेवर सारखं फिरणाऱ्यांनी गूगलच्या जोडीला हे बघावं.

आणि घाट, गड, कोयनेचं खोरं, चाळकेवाडीचं पठार यासाठी ऑरगॅनिक मॅप्स. फुकट आहे, जाहिरात नाही, तुम्ही कुठं फिरता ह्याची नोंद कुठं पाठवत नाही. महाराष्ट्राचा भाग घरच्या वायफायवर एकदा उतरवून घेतला की नेट बंद करूनही शोधतं, वाट दाखवतं, चालत जायचीसुद्धा. त्यात ट्रॅफिक नाही, दुकानं हॉटेलं कमी सापडतात, ते खरं. ओस्मअँडमध्ये डोंगराच्या उंचीच्या रेषाही मिळतात, पण वापरायला जरा किचकट आहे, ट्रेकवाल्यांनीच त्याच्या वाट्याला जावं असं मला वाटतं.

गूगलमध्येही ऑफलाइन नकाशा उतरवता येतो, तोही उतरवून ठेवा. चौकोन मोठा धरा, नुसतं सातारा नको, वरती शिरवळ, खाली कऱ्हाड, पश्चिमेला पोलादपूर येऊ दे. फक्त एक लक्षात असू दे, नेट नसताना तो गाडीची वाट दाखवतो, चालत जायची नाही, ट्रॅफिक नाही आणि पर्यायी रस्तेही नाहीत. आणि तो मधनंमधनं अपडेट करावा लागतो.

निघायच्या आधी एक मिनिट काढून नकाशा बोटांनी मोठा करून वाट पूर्ण बघायची. सुरुवात आणि शेवट सगळे बघतात, मधला भाग बघा. मोठा रस्ता सोडून पांढऱ्या बारीक रेघेवर कुठं घुसतंय का? सेटिंगमध्ये कधीतरी टोल टाळा असं दाबून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं, मग ॲप इमानदारीनं तुम्हाला गावागावातनं फिरवतं. आमच्या घरात आता नियम आहे, दहा मिनिटांपेक्षा कमी वाचत असेल तर मोठा रस्ता सोडायचा नाही, आणि रात्री अनोळखी भागात ज्या रस्त्यानं एसटी जाते त्याच रस्त्यानं जायचं. एसटीचा ड्रायव्हर रोज जातो म्हणजे पूल आहे, वळणावर गाडी बसते, आणि काही झालं तर मागनं कुणीतरी येतं.

फोन हातात धरू नका, स्टँड घ्या. नियमात २०२० पासनं वाट बघण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीनं. एप्रिल मे मध्ये काचेजवळ उन्हात फोन तापतो आणि पडदा अंधुक करतो नाहीतर ॲपच बंद पाडतो, म्हणून एसीच्या झोताजवळ लावा. चार्जर हवाच. लोकेशनची परवानगी ॲप वापरताना एवढीच द्या, कायमची द्यायची गरज नाही.

राहिला पत्ता. आपल्याकडं निम्मी माणसं वस्तीवर राहतात, पत्ता काय तर ओढ्याच्या पलीकडं, चिंचेपासनं उजवीकडं. त्यासाठी नाव शोधत बसूच नका, जागा पाठवा. व्हॉट्सॲपवर त्या ठिकाणी उभं राहून करंट लोकेशन पाठवलं की ते कायम राहतं, लाइव्ह लोकेशन ठरावीक वेळानं संपतं, लोक नेमकं लाइव्ह पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्याला काहीच दिसत नाही. मॅपल्समध्ये सहा अक्षरांची पिन मिळते. आणि डाक विभागानं २०२५ मध्ये डिजिपिन आणलंय, सगळ्या देशाचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी खूण दिलीय, म्हणजे रानातल्या गोठ्यालासुद्धा स्वतःची खूण आहे. वस्तीवर राहणाऱ्यांनी ती काढून घरात भिंतीवर लिहून ठेवावी, ॲम्ब्युलन्सला फोन करायची वेळ आली तर घाबरलेल्या माणसाला वाट समजावून सांगता येत नाही.

पिन टाकताना ती इमारतीच्या मधोमध टाकू नका, गेटवर टाका. ॲप पिनपासनं जो रस्ता सगळ्यात जवळ असतो तिथपर्यंत आणून सोडतं, मग तो मागचा कॅनॉलचा रस्ता का असेना. येत्या मार्गशीर्षात धाकट्याचं लग्न आहे. कार्यालयाच्या मागनं कॅनॉल जातो, म्हणून परवा मी आणि दाजी जाऊन फाटकात उभं राहून पिन घेतली, दोन्ही ॲपमध्ये शहरातनं एकदा आणि कोरेगावकडनं एकदा असं येऊन बघितलं, मग तिचा क्यूआर पत्रिकेवर छापायला दिला. तात्यांना मात्र पत्रिकेची वाट न बघता आत्ताच पाठवलीय, आणि फोनवर बसून त्यांच्याकडनं ती एकदा उघडूनही घेतली.